सव्वा मूठ गहू

१६ जुलै १९९५, रविवार

आजपासून मी लिहिणार आहे, आणि त्याचं कारण श्रीरंग.

हा मुलगा परभणीचा. तत्त्वज्ञानात एम. ए. झालेला, इथे सुरतेत नवागामच्या मराठी शाळेत हंगामी मास्तर, आणि दोन्ही वेळा माझ्या खानावळीत जेवतो. येत्या गणपतीत इथल्या मंडळाने त्याला व्याख्यान द्यायला सांगितलं आहे, 'सभ्यता म्हणजे काय?' तेव्हापासून त्याचं वरण गार होतं आणि डोकं गरम. आज भर पंगतीत सुरू झाला, "मावशी, मोठमोठे विचारवंत म्हणायलेत की सभ्यता शहरापासून सुरू झाली. माणसानं रस्ते आखले, गटारं बांधली, तवा तो सभ्य झाला. आपल्या गुजरातेतच बघा की, लोथलला चार हजार वर्षांमागं गटारं व्हती."

मी म्हटलं, "गटारं आमच्या गल्लीतही आहेत की. फक्त ती रस्त्यावरून वाहतात."

सगळे हसले. मग मी त्याला गेल्या सप्टेंबरची आठवण करून दिली. तो तेव्हा इथे नव्हता. प्लेगचं नाव निघालं आणि अख्खं सुरत शहर स्टेशनकडे पळत सुटलं. रस्ते, गटारं, बंगले सगळं जागेवर, फक्त माणसं गायब. मी पळाले नाही. तोंडाला पदर बांधून, मागे राहिलेल्यांना दोन्ही वेळा गरम जेवायला घातलं. शहर पळतं रे बाबा, चूल पळत नाही.

तर हा म्हणतो, "हे कुठं लिहून ठेवलंय का? लिहिलेलं नसलं की इतिहासात मोजत नाहीत. लिपी हीसुद्धा सभ्यतेची खूण मानतात."

बरं. शिरपूर तालुक्यात सातवीला मी पहिली आले होते. मराठी मला लिहिता येतं. आता त्याच्या एकेका विचारवंताला मी इथे कागदावर पाणी पाजणार आहे.

१९ जुलै, बुधवार

आजचा सिद्धांत बरा होता. शेतात धान्य सगळ्यांना पुरून उरायला लागलं, तेव्हा काही माणसांना नांगर सोडून बसता आलं. बसलेल्या माणसांनी विचार केला, देवळं बांधली, तारे मोजले. म्हणजे उरलेल्या धान्यातून सभ्यता निघाली.

मी तव्यावरची पोळी उलटत म्हटलं, "म्हणजे मी उभी आहे म्हणून तू बसला आहेस, असंच ना?"

त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. माझं वाक्य व्याख्यानात चोरणार, दुसरं काय. चोरू दे. मला त्यात भूषणच आहे.

सुकदेव हा बुलढाण्याकडचा, लूमवर बारा तास काढून येतो आणि नेहमी शेवटी जेवतो. त्याने विचारलं, "मास्तर, मंग यंत्राचं काय? माणसानं निसर्गावर ताबा मिळवला म्हून तो सभ्य, असं आमच्या शाळेत शिकवत." श्रीरंग म्हणाला की असंही मानणारे पुष्कळ आहेत. मी म्हटलं, सुकदेवला विचार, तो लूमवर ताबा ठेवतो की लूम त्याच्यावर. पण हे सुकदेवला ऐकू गेलं नाही. त्याचा डावा कान हल्ली काम करत नाही.

२३ जुलै, रविवार

आज जे झालं ते लिहिताना हात आवरत नाही. आबा आले होते!

आबा म्हणजे माझे जेठ, थोरले दीर, धुडकू आबा. पांडेसऱ्याला राहतात. हे गेले आणि मी खानावळ काढली, तेव्हापासून त्यांनी माझ्या दारचं पाणी घेतलं नव्हतं. "आपली सून बाजारी मानसंसले वाढस," असं गावभर बोलले. मी कधी उलट उत्तर दिलं नाही. उत्तर काय द्यायचं? माझी भाकरी जितकी गोल, तितकं माझं उत्तर सरळ होतं.

आज ते स्वतः आले. त्यांच्या घरावर स्लॅब पडतो आहे, सगळीकडे रेती-सिमेंट. म्हणून यंदाची कानबाई माझ्या घरी बसवायची म्हणाले! खाटेवर न बसता उभ्यानेच बोलले, पण बोलले. पाणीही घेतलं. मी आत जाऊन दोन मिनिटं पिठाच्या डब्याला टेकून उभी राहिले. डोळे भरले होते, ते लपवायला पदर लागला. इतकी वर्षं भाऊबंदांत मी नसल्यासारखी होते, आणि आता अख्ख्या घराण्याची देवी माझ्या ओट्यावर येणार.

संध्याकाळी पंगतीला सगळं समजावून सांगितलं, कारण आमच्या खान्देशाबाहेरच्यांना कानबाई म्हटलं की काही कळत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. घराण्याचं जुनं नारळ असतं, ते आबांकडे आहे. ते आलं नाही तर देवी नाही. आणि घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाची सव्वा मूठ गहू, ज्याची त्याने आपल्या हाताने घालायची. ते दळून त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे. रोट फक्त घरच्यांनी खायचे, बाहेरच्याला कणभर द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत सगळे संपवायचे.

बाबुला ओरिसाचा, गंजाम जिल्ह्यातला. दोन वर्षांपासून माझी हिरव्या मिरचीची चटणी खाऊन खाऊन अर्धा खान्देशी झाला आहे. त्याने विचारलं, "मौसी, तो आपके घर से किसका मुट्ठी?"

मी म्हटलं, "मेरे लखन का. और किसका?"

२६ जुलै, बुधवार

घर चुन्याने पांढरं केलं. श्रीरंगने शिडी धरली आणि शिडीखाली उभा राहून नवा सिद्धांत सांगितला. सभ्य माणूस तो, जो आपला राग आणि आपली भूक दाबतो. आदिम माणूस मनात येईल ते करतो, सभ्य माणूस थांबतो. सगळी सभ्यता म्हणजे हे थांबणं, आणि त्याची किंमत म्हणून माणूस आतून दुःखी असतो.

हा मला पटला नाही. गेल्या महिन्यात दारू पिऊन आलेल्या एकाने ताट लाथाडलं, तेव्हा मी थांबले नाही, उलथनं हाणलं. त्या दिवसापासून माझ्या पंगतीत कोणी मोठ्याने शिवीसुद्धा देत नाही. मग सभ्यता माझ्या थांबण्यातून आली की उलथन्यातून? श्रीरंग म्हणाला, "मावशी, यावरबी एक पंथ हाये. दंडशक्ती म्हणतात त्याला."

मला ते आवडलं. नवागामची दंडशक्ती!

लखनला निरोप पाठवला आहे. तो हजीऱ्याला मोठ्या प्लँटवर असतो. त्याच्यावाचून तिथली भट्टी चालत नाही असं लोक म्हणतात. कोसाडला सासऱ्याच्या शेजारी खोली घेतली आहे, तिथून बस जवळ पडते. मोठ्या जागी असलेल्या मुलाला वरचेवर येता येत नाही, हे माणसाने समजून घ्यावं. सून तर शिकलेली आहे. तिला इथला धूर सोसत नाही.

३० जुलै, रविवार

आज मी माझी स्वतःची व्याख्या मांडली. किती दिवस दुसऱ्यांच्या व्याख्या ऐकायच्या?

मी म्हटलं, "लिहून घे. सभ्यता म्हणजे शेवटी येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट." कारण मी कित्येक खानावळी पाहिल्या. भाजी संपली की संपली म्हणतात. माझ्याकडे सुकदेव कितीही उशिरा आला तरी त्याच्या ताटात सगळ्यांना होतं तेच असतं.

मला वाटलं हा आता माझ्या पायाच पडेल. पण श्रीरंगने मान हलवली. "मावशी, ही माया झाली. ओळखीच्यासाठी चिमणीबी दाणा ठेवते. सभ्यता अनोळखी माणसापाशी सुरू होते. जुन्या काळापासून प्रत्येक सभ्यतेनं एक भिंत बांधली. आतले ते माणसं, बाहेरचे ते रानटी. ज्याची बोली कळत नाही तो रानटी. आपल्याला इथं घाटी म्हणतातच की. खरा प्रश्न असा, की भिंत कुठं घालायची?"

मला राग आला. सभ्य माणसासारखी थांबले आणि त्याला कढी वाढली नाही.

पण नंतर भांडी आवरताना तेच डोक्यात फिरत राहिलं. माझ्याकडे सगळेच अनोळखी म्हणून आले. आणि महिन्याचे पैसे देतात, म्हणजे माझं ताट काही धर्मादाय नाही. मग ती माया की धंदा? की तिसरंच काही? शिकलेल्या माणसाची संगत वाईट. साधी भांडी घासू देत नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी झाली. आज मोठ्या बाई आल्या, म्हणजे आबांच्या भागीरथीबाई. आबांनी आणि त्यांच्या मुला-नातवाने आपापल्या मुठी घरीच फडक्यात बांधून दिल्या होत्या. त्या मी देवापुढच्या टोपलीत ओतल्या. बाई पंगतीसमोरच म्हणाल्या, "सरला, तुना घरनी मूठ पडाले पाहिजे बरं. घरनी मूठ नही ते ह्या नारय पिशवीमाच ठेवतीन. तुले ह्यासना सभाव माहीत शे."

मी म्हटलं, "लखन येतोच आहे."

निरोपाला उत्तर नव्हतं, म्हणून सुकदेवच सुट्टी टाकून कोसाडला गेला होता. दिवेलागणीच्या आधी परतला. चप्पल काढायला त्याला फार वेळ लागला. म्हणाला, "मावशी, लखनभाऊची ड्युटी लागली. लय मोठं काम हाये म्हंते. त्यायले यायचं लय होतं." माझ्याकडे न बघता बोलला, आणि एकच भाकरी खाऊन उठला. उन्हातून गेला होता, पित्त झालं असेल.

मी सगळ्यांना सांगितलं, बरोबरच आहे. भट्टी सोडून माणूस कसा येईल? एवढ्या मोठ्या प्लँटची जबाबदारी! पंगतीत सगळे एकदम पाणी प्यायला लागले. भाजी जरा तिखट झाली होती.

पण इथे खरं लिहिते. टोपलीत माझ्या घरची मूठ नाही. आबा परवा नारळ परत नेतील. घराण्यात पुन्हा मी नसल्यासारखी होईन, आणि या वेळी माझ्याच ओट्यावर, सगळ्यांसमोर. मला फार वाईट वाटतं आहे.

५ ऑगस्ट, शनिवार

सकाळी सुकदेवला टोपली दिली आणि चक्कीवर पाठवलं. बरोबर मोठा डबा घेऊन निघाला तेव्हाच मला कळायला हवं होतं. परत आला तर डबा गळ्यापर्यंत भरलेला!

मी डब्यासमोर हात जोडून बसले. कानबाईने बरकत दिली! मुठीची पायली केली! माझ्या भक्तीत ताकद आहे हे मला माहीत होतंच. शेजारणींना हाका मारून बोलावणार, एवढ्यात बाबुला मोरीतून तोंड धुऊन आला आणि मोठ्या आनंदाने म्हणाला, "मौसी, उसमें मेरा भी मुट्ठी है. सवा."

मग एकेक बाहेर पडलं. सगळ्यांनी चक्कीच्या वाटेवर टोपलीत मुठी टाकल्या होत्या. बाबुलाने, सुकदेवने, धुळ्याच्या पोरांनी, श्रीरंगनेसुद्धा! गहू माझ्या कोठीतला नाही म्हणे, प्रत्येकाने दुकानातून आणलेला.

मी ओरडले, "अरे गाढवांनो, तुम्हाला सगळी रीत सांगितली होती ना? घराण्याच्याच माणसांची मूठ!"

सुकदेव जमिनीकडे बघत म्हणाला, "मावशी, मले वाटलं वर्गणी हाये."

"आणि तू रे? एम. ए. झालेला?"

श्रीरंग म्हणाला, "मला बी तसंच वाटलं, मावशी."

घ्या! तत्त्वज्ञान शिकला आणि वर्गणी व मूठ यांतला फरक कळेना. आता आबांच्या घरचं पीठ यांच्या पिठात मिसळलं. देवीपुढून उचललेलं धान्य टाकता येत नाही, बाहेरच्यांना रोट देता येत नाही, आणि घरच्यांनी एवढे रोट पौर्णिमेपर्यंत खायचे तर आबांचा नातू फुटेल. दिवसभर कोणाशी बोलले नाही. जेवण मात्र वेळेवर वाढलं.

६ ऑगस्ट, रविवार

सगळं सुरुवातीपासून लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

आबा नारळाची पिशवी छातीशी धरून आले. चौरंग, केळीचे खांब, नवीन साडी, सगळं पाहिलं. मान हलवली. मला वाटलं जमलं. मग आत मोठ्या बाई पुरण वाटत होत्या तिथे डोकावले आणि परातीतलं पीठ पाहिलं.

"सरले, लखन कोठे शे?"

मी सांगितलं, ड्युटीवर.

"मंग तुना घरनी मूठ? आन हाई इतलं पीठ कोनं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण माझ्या पंगतीत मी कोणाला खोटं बोलू देत नाही. सांगितलं, खानावळीतल्यांनी चुकून मुठी टाकल्या. आबांचा चेहरा चुलीतल्या लाकडासारखा पेटला. "भायेरना लोकेसन्या मुठी? रोट भायेरना मानूस खास का कधी? कोन जात, कोन गाव, काही माहीत नही! हाई पीठ गायले घाल. मी नारय लई जास. स्लॅब ते स्लॅब, मना घरच बसाडसू."

ते दाराकडे वळले. दारात आमचे सगळे उभे होते, आंघोळी करून, धुतलेले शर्ट घालून. बाबुलाने तर कपाळाला गंध लावलं होतं. सगळे ऐकत होते. अहिराणी बाबुलाला कळत नाही, पण आबांनी दाराकडे रोखलेलं बोट कळलं असणार, कारण तो दोन पावलं मागे सरकला आणि ओट्याखाली उतरला.

ते पाऊल मला सहन झालं नाही. गेल्या सप्टेंबरात हाच बाबुला माझ्याबरोबर राहिला होता, पाण्याचे हंडे आणायला. श्रीरंगची भिंत म्हणतात ती हीच, आणि ती माझ्या दारात बांधली जात होती. व्याख्यानं सगळी ऐकली होती, पण तोंडातून एवढंच निघालं, "आबा, मूठ टाकी तो घरना. आपलीच रीत शे ना हाई? मी हाई पीठ गायले घालाव नही."

आबा म्हणाले, "मंग देवी नही."

मी म्हटलं, "नही ते नही."

ज्यासाठी इतके दिवस चुना लावला, तेच मी माझ्या तोंडाने घालवलं. पण मान खाली घातली नाही.

तेवढ्यात मोठ्या बाई उठल्या. पुरणाचे हात पदराला न पुसता तशाच मधे आल्या. आबांसमोर त्यांचा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. म्हणाल्या, "तुम्ही गडीसन्या मुठीवर भांडी राहिनात. मनी मूठ कोठे शे?"

आबा म्हणाले, "तू काय गडी शे का?"

"नही. पन इतला वरीस रोट कोनी भाजात? मी भाजात. मनी मूठ एकबी साल कोणी धरी नही." मग माझ्याकडे बोट केलं. "आन सरलाना घरनी मूठ नही म्हणतस! घर तिनं, चूल तिनी, आन मूठ तिनी नही?"

मी चकित झाले. इतके सिद्धांत पाजळले मी, आणि हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. दळणारी मी, मळणारी मी, आणि मोजताना मीच मला सोडत आले.

बाई कोठीपाशी गेल्या, हात धुतले, मूठभर गहू घेतले, वर चिमटीने सव्वाचे घेतले आणि वाटीत टाकले. मग मला म्हणाल्या, "टाक व."

आबा पिशवी धरून उभे. दारात पोरं उभी. मी पुढे होऊन मूठ भरली. माझा हात लहान आहे, गहू बोटांतून निसटत होते, म्हणून घट्ट आवळला. टाकली.

आबांनी वाटीत डोकावून पाहिलं. मग खाली बसले, पिशवीची गाठ सोडली, जुनं नारळ काढून चौरंगावर ठेवलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "मिक्सर फिरावा लवकर. आरतीना टाइम व्हई गया."

आमच्या दोघींचं पीठ मिक्सरमध्ये जाडंभरडंच निघालं. तसंच मिसळलं. आरती झाली. पंगत बसली तेव्हा आबांनी बाबुलाला ओट्याखालून हाक मारली, "ए, वर ये. नाम क्या है तुम्हारा?" आणि त्याच्या ताटात रोटाचा तुकडा स्वतः वाढला. बाबुला म्हणाला, चटणी मिलेगी? सगळे हसले. आबाही हसले असावेत, मिशीमुळे नीट दिसलं नाही.

श्रीरंग वही घेऊन आला, "मावशी, आता व्याख्या काय लिहू?" मी म्हटलं, आधी रोट खा, पौर्णिमेच्या आत संपले पाहिजेत. आज त्या पोरांवर मला राग नाही. त्यांना वर्गणी वाटली म्हणून हे सगळं घडलं. अडाणीपणानेही कधी कधी भलं होतं. सुकदेवला तसं म्हटलं तर तो नुसता हसला आणि म्हणाला, "हो मावशी, आमी अडाणीच." मोठ्या बाई त्याच्याकडे बघून उगाच डोळे पुसत होत्या. चुलीचा धूर फार झाला होता.

सत्तेचाळीस वर्षांची झाले. बापाच्या घरी भावांच्या मुठी पडल्या, सासरी यांची पडली, मग लखनची. आज माझी पडली. माझ्या घरात मी मोजली गेले, आणि आबांनी ती मूठ देवीपुढे मान्य केली. मला इतका अभिमान वाटतो आहे की तो कोणापुढे दाखवायची सोय नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.